उसातला दबा आणि सोबतचा लांडगा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नवा डीएम (खेळ चालवणारा) हमखास अडखळतो तो इथे: रेंजर (रानात वावरणारा लढवय्या) आणि त्याचा लांडगा यांना तो एकच धरतो. मालक गाफील, म्हणजे जनावरही गाफील. २०१४च्या नियमांत तसं नाही. सरप्राइज, म्हणजे गाफीलपणा, प्रत्येक जिवाचं वेगळं ठरतं.

सांगली-साताऱ्याच्या टेबलावर दबा धरायला उसाच्या फडासारखी जागा नाही. वाळव्याकडची पाणंद, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, आत तीन दरोडेखोर. त्यांचे स्टेल्थ (लपण्याचे) रोल आले १६, १७ आणि १९. तिसऱ्या लेव्हलच्या रेंजरचं विस्डम १४ (बोनस २) आणि परसेप्शनमध्ये प्रॉफिशियन्सी (तरबेजपणा, बोनस २) असेल, तर त्याचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता चाहूल लागण्याचा आकडा, १० + २ + २, म्हणजे १४. त्याला कुणाचाच सुगावा लागला नाही; तो गाफील. लांडग्याचं मूळ पॅसिव्ह १३, त्यात रेंजरचा प्रॉफिशियन्सी बोनस २, झाले १५. वास आणि आवाजावर त्याला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा घेण्याची सवलत) आहे, त्याचे आणखी ५. एकूण २०. लांडगा सावध.

एका दरोडेखोराचा रोल १२ आला असता, तर रेंजरही गाफील ठरला नसता. एक धोका कळला तरी पुरतं, म्हणून सगळ्यात कमी रोल आधी बघा.

ते ५ मात्र दरवेळी आपोआप मिळत नाहीत. दाट उसात नजर चालत नाही, तिथे नाक आणि कान कामाला येतात, म्हणून इथे ते द्यावेत. वारा लांडग्याच्या पाठीमागून उसाकडे वाहत असेल, तर वास पोचणार नाही; मग पाचटावर पाय पडल्याचा आवाज तरी होतो का, हे डीएमने रोलच्या आधी ठरवावं. नंतर ठरवलं की वाद होतो.

आता लढाई सुरू. गाफील रेंजरला पहिल्या टर्नला हलता येत नाही, ॲक्शन (मुख्य कृती) नाही, म्हणून बोनस ॲक्शनही (जादा छोटी कृती) नाही, आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीवरची झटपट कृती) नाही. जुन्या (२०१४च्या) रेंजरचा लांडगा मालकाच्या इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या रोलवर) खेळतो आणि त्याला हल्ला करायला लावण्यात मालकाची ॲक्शन जाते. ती नाही, म्हणजे हल्ला नाही. नुसतं ‘तिकडे जा’ सांगायला ॲक्शन लागत नाही, त्यामुळे लांडगा ४० फूट हलू शकतो. पण ज्याला धोकाच कळलेला नाही तो कुठे जायला सांगणार? आमच्या मते अशा वेळी लांडग्याला मालकाजवळच ठेवावं. नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे हुकूम नसेल तर तो डॉज करतो, म्हणजे नुसते वार चुकवतो. त्याची रिॲक्शन मात्र शाबूत असते. जवळून निसटणाऱ्या दरोडेखोराला तो चावू शकतो. हे खेळाडू फार विसरतात.

२०२० नंतरचा प्रायमल कंपॅनियन (रेंजरच्या सोबती जनावराचं नवं रूप) मालकाच्या टर्नमध्येच खेळतो. तो स्वतः हलतो, पण बोनस ॲक्शनचा हुकूम मिळाला नाही तर फक्त डॉज. फॅमिलियरचं (जादूने बोलावलेल्या सोबत्याचं) घुबड वेगळं: स्वतःचा इनिशिएटिव्ह रोल, स्वतःची टर्न. ते हल्ला करत नाही, पण हेल्प (दुसऱ्याला मदतीची ॲक्शन) करू शकतं.

‘लांडगा गुरगुरला, मग मी सावध झालो’ असं खेळाडू म्हणणारच. इनिशिएटिव्ह पडल्यानंतरची गुरगुर गाफीलपणा पुसत नाही. लांडगा ६० फूट पुढे चालत असेल आणि दबा फुटायच्या आधीच थबकला, तर रेंजरला परसेप्शनचा रोल जरूर द्यावा. म्हणून चालण्याचा क्रम प्रवासाला निघतानाच लिहून घ्या. मालकाचं अलर्ट फीटही (गाफील न होण्याची खास क्षमता) जनावराला लागू होत नाही.

उलट बाजू जास्त महागात पडते. तुम्हीच दबा धरलाय आणि सोबत खेचर आहे. खेचराचा स्टेल्थ अधिक शून्य. ते शत्रूच्या लक्षात आलं की तो शत्रू गाफील राहत नाही, बाकीचे कितीही छान लपलेले असोत. खेचर मागे बांधून या. घोड्याचंही तसंच, शिवाय तोच गाफील असेल तर पहिल्या टर्नला जागचा हलत नाही. स्वाराने खोगिरावरूनच लढावं किंवा निम्मी चाल खर्चून उतरावं.

२०२४च्या नियमांत टर्न जात नाही, गाफिलाला इनिशिएटिव्हवर डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) मिळतो. प्रायमल कंपॅनियन मालकाच्या टर्नमध्येच खेळतो, म्हणून तिथे मालकाचा रोल तेवढा मोजायचा. दोन्ही पुस्तकं टेबलावर असतील, तर कुठल्या वर्षाचा नियम चालेल हे पहिल्या सेशनलाच सांगून टाका.