काम सुटत नाही की आपल्यालाच सोडवत नाही? असं ओळखा, असा आवर घाला

रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल म्हणून हिंजवडीतला एखादा जण उशिरापर्यंत जागतो. कॉल संपल्यावर लॅपटॉप मिटून तो झोपत असेल, तर ती नोकरीची गरज झाली. पण कॉल रद्द झाला तरी "चला, तेवढ्यात ती शीट उरकून टाकू" म्हणून तो पुन्हा बसत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. कामाचं व्यसन लागलंय का, हे नुसते तास मोजून कळत नाही. हाताला काम नसताना जिवाची काय गत होते, ते बघा.

आधी स्वतःला तपासा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये यासाठी सात प्रश्न पुढे आणले. गेल्या वर्षभरात कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल, हेच डोक्यात होतं का? ठरवल्यापेक्षा खूप जास्त वेळ काम केलंत? अपराधी वाटणं, बेचैनी, उदासी टाळायला कामात डोकं घातलंत? "जरा कमी कर" हे सांगणं कानाआड केलंत? काम करू दिलं नाही की ताण आला? छंद, मौजमजा, व्यायाम मागे पडले? तब्येतीवर परिणाम झाला? यातल्या किमान चार प्रश्नांना 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' असं उत्तर आलं, तर ती धोक्याची खूण. ते निदान मात्र नव्हे. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनाच विचारा; आपण सोयीस्कर विसरतो.

आठवडाभर वही ठेवा. संध्याकाळनंतर केलेलं प्रत्येक काम लिहा आणि पुढे ते कुणी मागितलं तेही: साहेब, क्लायंट की 'मीच'. कात्री आधी 'मीच'वर चालवा. साहेबांचाच रकाना भरलेला निघाला, तर दोष तुमच्या स्वभावाचा नाही. तीच वही पुढे ठेवून कामाच्या वाटपाबद्दल बोला. आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलं आहे.

कामावरून उठण्याची वेळ ठरवा. उठण्याआधी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून ठेवा, म्हणजे ते जेवताना डोक्यात घोळत नाही. ऑफिसचे ग्रुप म्यूट करा आणि टीमला सांगून टाका: "अर्जंट असेल तर फोन करा, मेसेज नको." मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला माणूस दोनदा विचार करतो.

मोकळा वेळ कुणाशी तरी बांधा. "स्वतःसाठी वेळ" वगैरे ठरवलं की तो हमखास कामात जातो. बॅडमिंटनचा जोडीदार, ढोल-ताशा पथकाचा सराव, मुलीला क्लासहून आणणं, असं काहीतरी घ्या, जिथे आपली वाट बघणारं कुणी असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरे. एकदम सगळं बदलायला जाल तर चार दिवसांत बारगळेल.

सुरुवातीला चिडचिड होईल. गणपतीला गावी जाताना "असू दे बरोबर" म्हणत लॅपटॉप बॅगेत जाईल, बाथरूममध्येही हात मेलकडे वळेल. ही तलफ हळूहळू उतरते.

पण झोप उडाली असेल, घरात रोज खटके उडत असतील, सुट्टीच्या नुसत्या कल्पनेनं धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 मोफत आणि चोवीस तास चालू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.