जुनी मसल कार: आधी गंज पाहा, मग ब्रेक बदला
1960 च्या दशकातली फोर्ड मस्टँग, म्हणजे दमदार इंजिनाची अमेरिकन मसल कार, घ्यायची असेल तर चकचकीत रंगावर भाळू नका, आधी गंज शोधा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली हात घालून पाहा. ओल लागली तर आतला पत्रा सडलाय असं समजा, आणि ते काम फार खर्चिक असतं. चाकांच्या कमानींवर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. इंजिन दमलेलं असलं तरी चालेल, सांगाडा मात्र धड हवा.

गाडी घरी आली की बरेच जण आधी इंजिनाची ताकद वाढवतात. मला हे मुळीच पटत नाही! 1966 पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचं एकच सर्किट होतं: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग), हे पहिलं काम. मग सस्पेन्शनचे रबरी बुश, शॉक अब्सॉर्बर, रेडियल टायर. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करताना जुन्या मॅन्युअलमधले आकडे वापरू नका, ते बायस-प्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या टायरसाठी होते. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, थोडा वाढवून घ्या. वेगात गाडी भरकटत नाही.