तुटलेलं टोक आधी बघा: हातानं सूत कातताना या चुका टाळा

सूत तुटलं की हात आपोआप जोडायला धावतात. पेळूतला, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतला, कापूस थोडा पुढे ओढायचा, तुटलेलं टोक त्यात दाबायचं, टकळीला, म्हणजे हातानं फिरवून सूत कातायच्या सळईला, गिरकी द्यायची. आणि वीतभर सूत निघतं न निघतं तोच पुन्हा तटकन तुटतं. नव्यानं कातायला बसलेल्या माणसाची पहिली दुपार अशी जाते, आणि दिवेलागणीला तो म्हणतो, "माझ्या हातात ही कला नाही." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा दोष हाताचा नसतोच. तो कापसात असतो, पिळात असतो, नाहीतर टकळीच्या नाक्यात, म्हणजे सूत अडकवायच्या वरच्या खाचेत असतो, आणि तुटलेल्या टोकावर तो स्पष्ट दिसत असतो.

साताऱ्यात आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी एका जुन्या वाड्याच्या सोप्यात कातायला बसतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच सवय लावतो. तुटलं की थांबायचं. टोक डोळ्यांजवळ आणून बघायचं. मग जोडायचं.

टोक ब्रशासारखं पसरट असेल, एकेक तंतू सुटून सरळ झालेला दिसत असेल, तर पीळ कमी पडलाय. तंतू तुटलेले नसतात, ते फक्त एकमेकांवरून घसरून वेगळे झालेले असतात. टकळी आणखी फिरू द्या, मग ओढा. उलट टोक कडक असेल, सोडल्याबरोबर आकसून स्वतःभोवतीच वेढे घेत असेल, तर पीळ जास्त झालाय आणि ओढ कमी. गाठोळीच्या, म्हणजे सुतातल्या जाड गोळ्याच्या, शेजारी बारीक मान झालेल्या ठिकाणी तुटलं असेल तर पेळूतून कापूस एकसारखा येत नाहीये. आणि प्रत्येक वेळी नाक्याशीच तुटत असेल तर कापूस, पीळ सगळं सोडा आणि नाक्यावरून बोट फिरवा. तिथं धातूची बारीक कूस, म्हणजे टोचरी कड असते, ती सूत कापते. पॉलिश पेपरचा तुकडा दोन मिनिटं घासला की काम होतं. मी स्वतः पहिला सबंध महिना या कुशीपायी माझ्या बोटांना दोष देत होते.

जोडतानाही एक चूक हमखास होते: गाठ मारणं. सुताला गाठ नको. तुटलेल्या टोकाचा पीळ दोन बोटं लांबीइतका उलगडा, तो मोकळा झालेला भाग पेळूच्या मोकळ्या तंतूंवर ठेवा, हलकं धरून पीळ चढू द्या. जोड कुठं आहे ते नंतर तुमचं तुम्हाला सापडणार नाही.

आता कापूस. यातली चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथं थोडं थांबते.

उत्साहाच्या भरात लोक औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणतात. तो कापूस जखम पुसायला उत्तम, कातायला नाही. पाणी शोषावं म्हणून त्याचा नैसर्गिक मेणचटपणा धुऊन काढलेला असतो, आणि तंतू बहुधा आखूड असतात. उशीतला जुना कापूस तर दबून गोळे झालेला. अशा कापसावर हात बसवणं म्हणजे भिजलेल्या काडीनं चूल पेटवणं. खादी भांडारात पेळू मिळतात का विचारा. आपल्या भागात कापूस फारसा पिकत नाही, पण कुणाचे पाहुणे खानदेश-विदर्भातून येणार असतील तर दोन ओंजळी सरकीसकट कापूस मागवा. पाटावर बोंड ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून फिरवली की सरकी पुढे निसटते आणि कापूस मागे राहतो. मुलांना हे काम फार आवडतं.

पेळू करताना पिंजलेला कापूस पातळ पसरून विणायच्या सुईवर हलक्या हातानं गुंडाळायचा आणि सुई ओढून काढायची. वीतभर लांब, बोटाएवढा जाड. गुंडाळताना जोर लावला तर तंतू एकमेकांत रुततात आणि पुढे सुटतच नाहीत. धरायचा तोही अलगद, साडीच्या निऱ्या धरतो तितपत. नव्या माणसाची मूठ भीतीनं आवळते. दहा मिनिटांत घामानं पेळू दबतो आणि मग कापूस येताना हिसके बसतात. हात धुऊन कोरडे पुसा, पेळू बदला, दबलेला बाजूला ठेवा. तो पुन्हा पिंजता येतो, वाया जात नाही. ज्यांनी आयुष्यभर वाती वळल्या आहेत त्यांची पकड मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर असते. आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी टकळी कधी हातात धरली नव्हती, पण फुलवाती वळणाऱ्या त्यांच्या बोटांना तंतू किती दाबायचा हे आधीच ठाऊक होतं. फक्त वातीसाठी बोटांना भस्म लावायची सवय त्यांना सोडावी लागली, कारण त्यानं सूत मळतं.

जाड-बारीक सूत येणं हा सुरुवातीचा सर्वांचा त्रास. इथं पिळाचा एक स्वभाव लक्षात घ्या: तो आधी बारीक जागी जातो. त्यामुळे बारीक भाग आणखी कडक होतो आणि जाड भाग मऊच राहतो. म्हणून तार, म्हणजे निघणारा धागा, पूर्ण पिळून झाल्यावर जाडी सारखी करायला जाऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो. पीळ अर्धामुर्धा असतानाच तार किंचित लांबवा. बारीक भागाला पिळाचा आधार असतो म्हणून तो टिकतो आणि जाड भाग मोकळा असतो म्हणून तोच ताणला जातो. मग वर पूर्ण पीळ द्या. एकदा हे बोटांना कळलं की कातण्याची खरी मजा सुरू होते. हातातल्या हातात जाड गाठोळी विरघळून जाताना बघणं, यासाठी मी रविवारची वाट बघते.

पीळ पेळूत शिरला तर तिथं कापसाचा घट्ट खडा तयार होतो. तो ओढू नका. टकळी उलटी फिरवून पीळ सोडवा, मग पुढे.

चरख्याचे त्रास निराळे. पेटी चरखा, म्हणजे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याला आकार दिला तो घडीचा येरवडा चरखा, अनेकांच्या माळ्यावर आजोबांच्या काळापासून पडून असतो. तो काढून पुसून थेट कातायला बसू नका. आधी चाती, म्हणजे सूत जिच्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं ती टोकदार सळई, काढून काचेवर लोळवा. वाकडी असेल तर थरथरत जाईल, आणि वाकड्या चातीवर कितीही निगुतीनं कातलं तरी सूत उडतं. मग माळ, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी, बघा. फार ताणलेली असेल तर चाक जड चालतं, सैल असेल तर चाक फिरतं आणि चाती जागीच. पुढे तेल. माझ्याकडून इथं एक चूक झाली ती सांगते. डिसेंबरात शिलाई मशिनचं तेल घरात नव्हतं म्हणून मी चातीच्या टेकूंना खोबरेल लावलं. दुपारी चरखा लोण्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजिंक्यताऱ्यावरून उतरणारी थंडी घरात भरलेली, चाक हलेना. खोबरेल थिजलं होतं. ते सगळं कोरड्या फडक्यानं आणि काडीनं खरवडून काढायला अर्धा दिवस गेला, शिवाय सुतावर पिवळे डाग पडले ते वेगळेच. शिलाई मशिनचं पातळ तेल, एक थेंब, बास.

चरख्यावरची आणखी एक चूक दिसायला छोटी आहे. तार चातीशी काटकोनात धरली की ती पिळली जात नाही, गुंडाळली जाते. पीळ द्यायचा असेल तेव्हा तार चातीच्या टोकाच्या रोखानं तिरपी धरा. प्रत्येक फेऱ्याला टोकावरून सुटताना बारीक टिक् असा आवाज येतो. तो आवाज येत असेल तर पीळ पडतोय. मग तार काटकोनात आणून गुंडाळायची. कान लावून काता, डोळे आपोआप मोकळे होतात आणि गप्पा मारता येतात.

हवामानाकडे लोक दुर्लक्ष करतात. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो. त्यामुळे होळीनंतर कोरडं वारं सुटलं की काल बरं निघणारं सूत आज तुटायला लागतं. पंखा बंद करा, हे पहिलं. खिडकीत ओला पंचा टाका. किंवा सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात उलटा त्रास: पेळू दमट होऊन चिकटतात आणि लोखंडी टकळी गंजून सूत तांबूस होतं. पेळू झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, टकळी पुसून ठेवा.

लोकरीबद्दल आता थोडं. माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या दुष्काळी पट्ट्यात धनगरांच्या घरी लोकर कातली जाते आणि सनगर त्याची घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. सूत जमलं की आपल्याला ही काळी लोकर खुणावायला लागते. मी पहिल्यांदा गेले ती साबणाचं कडकडीत पाणी करून लोकर चोळून धुवायला. बादलीतून निघाला तो घट्ट जाजमाचा तुकडा. उष्णता आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून आवळतात, आणि ते पुन्हा सुटत नाहीत. कोमट पाण्यात रिठा घाला, लोकर बुडवून ठेवा, ढवळू नका, अलगद उचला. धुवायचं पाणी आणि खळबळायचं पाणी सारखंच कोमट असू द्या. तेलकटपणा थोडा राहिला तर राहू द्या, ओढायला तो मदतच करतो.

दुसरी चूक म्हणजे लोकरीला कापसाइतका पीळ देणं. लोकरीचे तंतू लांब असतात, थोड्या पिळात धरून राहतात. माणमधल्या एका वस्तीवर एक आजी मेंढरांमागे चालता चालता कातत होत्या. माझी तार बघून म्हणाल्या, "आगं पोरी, किती आवळतीयास? ह्यो काय बैलाचा कासरा हाय व्हय? सोड की जरा." मी सोडलं. तार मऊ झाली. इथली लोकर राठ असते, तिचा स्वेटर करायला जाऊन नाराज होऊ नका. बसायचं आसन करा, पन्नास वर्षं टिकेल असं वाटतं हातात घेतल्यावर. ठेवताना मात्र कसरीपासून जपा. धुतलेली, पूर्ण वाळलेली लोकरच घट्ट बंद करून ठेवा आणि महिन्यातून एकदा उन्हात झटका.

कातून झालेलं कापसाचं सूत टकळीवरून काढून तसंच वापरायला घेणं हीही घाई. आधी फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, नसेल तर उलट्या खुर्चीच्या पायांवर, सुताची लटी, म्हणजे मोठ्या वेढ्यांची सैल जुडी, करा. जुना हिशेब असा: चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी, साधारण ७८० मीटर. लटी चार ठिकाणी सैल बांधा. एकाच ठिकाणी बांधली की गुंता होतो, आवळून बांधली की रंग त्या जागी पोचत नाही. मग चिमूटभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा आणि खाली हलकं वजन टांगून वाळवा. पीळ बसतो. दोन तारा एकत्र वळायच्या असतील तर कातलं त्याच्या उलट दिशेनं वळा. त्याच दिशेनं वळल्या तर सूत मांजरासारखं अंगावर येतं.

शेवटच्या दोन चुका माणसांच्या आहेत आणि माझ्या मते त्याच सगळ्यात मोठ्या. एक, "जरा चांगलं यायला लागलं की येते तुमच्यात" असं म्हणून घरी एकटं बसणं. जे घरी महिनाभर कळत नाही ते शेजारच्याचा हात बघून पाच मिनिटांत कळतं. आमच्यातले एक काका सत्तरी ओलांडलेले. प्राथमिक शाळेत सूतकताई होती, त्यानंतर साठ वर्षं टकळीला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी मांडीवर टकळी सरकवून अशी गिरकी दिली की आम्ही सगळे बघतच राहिलो. हाताला आठवत होतं. आता तेच नव्यांना ती गिरकी शिकवतात.

दुसरी चूक जुन्या माणसांची. समोरच्याचं सूत तुटताना बघवत नाही म्हणून आपण त्याच्या हातातली टकळी काढून घेतो आणि "असं बघ" म्हणत दोन हात सुंदर सूत काढून दाखवतो. तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही. टकळी त्याच्याच हातात राहू द्या, तुम्ही टोक वाचायला मदत करा.

आणि पहिलं गाठोळ्यांचं सूत फेकू नका. आमच्यातल्या एकीनं तिचं पहिलं सूत वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलं. जाडंभरडं होतं, पण सात फेरे पुरलं. सुताचा हारही त्याचाच छान दिसतो.

कातायला येणार असाल तर टकळी, दोन-तीन पेळू, टकळी टेकवायला नारळाची करवंटी आणि मांडीवर टाकायला काळं फडकं आणा. पांढरं सूत काळ्यावर नीट दिसतं. लोकर घेऊन येणार असाल तर पांढरा पंचा.