सिद्धेश्वराच्या तळ्याचे फोटो : शरदातला एक दिवस, एकट्याने

सोलापुरात फोटो काढायला निघालेला माणूस सहसा यादी घेऊन निघतो. सकाळी सिद्धेश्वर, मग भुईकोट, दुपारी हिप्परग्याचा तलाव, जमलं तर तुळजापूर. मीही पहिल्या वर्षी तसंच केलं होतं. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर चारशे फोटोंत भिंतीवर लावावा असा एकही नव्हता. जिथे मी पोहोचलो तिथे उजेड निघून गेला होता, आणि जिथे उजेड होता तिथून मी निघून आलो होतो. त्यानंतर दर शरदात मी एक दिवस फक्त सिद्धेश्वराच्या तळ्याला देतो. देऊळ जागेवर असतं, सूर्य त्याच्याभोवती फिरतो, आणि आपण काठ बदलत राहायचं. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीसाठी आहे.

जागा समजून घ्या

पाण्याने वेढलेलं हे देऊळ सोलापूरचं ग्रामदैवत. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी लोकांच्या श्रमातून हे तळं खोदवून घेतलं, अशी परंपरा आहे. त्यांची योगसमाधी याच आवारात आहे, आणि शहरात व भोवताली त्यांनी स्थापलेली 68 लिंगं आजही पुजली जातात. तळ्याच्या पश्चिमेला भुईकोट किल्ला. त्याची मूळ बांधणी बहमनी काळातली. बाकीच्या बाजूंना खंदक आहे, पण पूर्वेला तटाला लागूनच तळं आहे. तळ्याचं पाणीच तिथे खंदकाचं काम करत असे.

म्हणजे किल्ला पश्चिमेला आणि देऊळ पूर्वेला. एवढं डोक्यात ठेवलं की दिवसाचं निम्मं नियोजन होतं. किल्ल्याच्या बाजूने पाहिलं तर सूर्य देवळामागून उगवतो. देवळाच्या बाजूने पाहिलं तर तो किल्ल्यामागे मावळतो.

कोणता दिवस निवडायचा

सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही गाठू शकतो. त्यामुळे दसऱ्यापासून कार्तिक संपेपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. हवेतली धूळ पावसाने बसलेली असते, तळ्यात पाणी असतं आणि आभाळ निळं असतं. उन्हाचाही फरक पडतो. मे महिन्यात इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. नोव्हेंबरच्या मध्यात मात्र तो भर दुपारीही साधारण 54 अंशांपर्यंतच चढतो, म्हणून दगडावर सावली राहते आणि कोरीव काम उठून दिसतं.

वेळा लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्योदय साधारण 6 वाजून 20 मिनिटांनी आणि सूर्यास्त 6 वाजून 5 मिनिटांनी होतो. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, सूर्यास्त पावणेसहानंतर लगेच.

सूर्य या दिवसांत बरोबर पूर्वेला उगवत नाही, हेही लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या मध्यात तो पूर्वेपासून सुमारे 9 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, नोव्हेंबरच्या मध्यात सुमारे 19 अंश. मोजायला उपकरण लागत नाही. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी जवळजवळ 10 अंश भरते. आदल्या दिवशी मोबाइलच्या होकायंत्रात पूर्व शोधा, तिथून उजवीकडे एक किंवा दोन मुठी मोजा आणि सूर्य कुठे येणार ते पाहून ठेवा. हे न केल्यामुळे सूर्य शिखराच्या पार बाजूला उगवला आणि सकाळ वाया गेली, असं माझं एकदा झालं आहे.

सुट्टीचा दिवस आणि सोमवार टाळा. सोमवारी दर्शनाची गर्दी असते आणि ती असायलाच हवी, पण ट्रायपॉड घेऊन भाविकांच्या वाटेत उभं राहणं बरं नाही. कोजागरी मात्र जमली तर साधा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणजे किल्ल्याच्या बाजूने पाहिलं तर देवळाकडच्या आभाळात. त्या सुमारास हजारो सोलापूरकर पायी तुळजापूरला निघतात, रस्त्यांवर गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते. गाडी घरी ठेवून चालत या.

पिशवीत काय

कॅमेरा असेल तर एकच साधी झूम लेन्स पुरे. दोन लेन्स असल्या की हात बदलण्यातच गुंततात. मोबाइल असेल तर त्याला धरणारा छोटा स्टँड घ्या आणि लेन्स पुसायला मऊ सुती कापड. बहुतेक धुरकट मोबाइल फोटोंचं कारण लेन्सवरचा बोटांचा ठसा असतो. जादा बॅटरी किंवा पॉवर बँक, टोपी, दोन लिटर पाणी. ऑक्टोबरचं ऊन सोलापुरात थट्टेवारी न्यायचं नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दिवसभर पिशवीत राहिली तरी बिघडत नाही, आणि उजेड चांगला असताना हॉटेल शोधत फिरावं लागत नाही.

एकटे जाणार आहात, तर घरी सांगून जा, आणि कुठे आहात एवढंच नाही तर किती वाजता परतणार तेही सांगा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, शेवटच्या ओल्या पायरीवर उतरू नका. डोळा कॅमेऱ्यात असताना पाय मागेपुढे टाकायचा नाही. जागा बदलायची तर कॅमेरा खाली घ्या आणि मगच चाला.

पहाट : किल्ल्याच्या बाजूने

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी काठावर असा. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणाऱ्यांचा पहिला उजेड बहुधा हुकतो. त्यांनी एक रात्र आधी यावं किंवा दिवसाची सुरुवात पुढच्या टप्प्यापासून करावी.

किल्ल्याचा दरवाजा एवढ्या लवकर उघडलेला नसतो. म्हणून पश्चिमेकडच्या काठावर जिथवर जाता येईल तिथवर जा आणि देऊळ तुमच्या व पूर्वेच्या मध्ये येईल असे उभे राहा. पहिली दहा मिनिटं फोटो काढू नका. वारा पडलेला आहे का, पाण्यात शिखर अखंड दिसतं का, कुठे जलपर्णी आली आहे का, एवढंच पाहा. प्रतिबिंब हवं तर कॅमेरा जितका पाण्याजवळ खाली नेता येईल तितका न्या. उभ्याने काढलेल्या आणि बसून काढलेल्या फोटोत किती फरक पडतो, ते स्वतःच करून बघा.

उजेडाच्या विरुद्ध फोटो काढताना कॅमेरा गोंधळतो. काळं देऊळ उजळ करायला जातो आणि आभाळ पांढरं करून टाकतो. मोबाइलवर आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवा, दाबून धरून एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, तिथेच अडकवा आणि मग थोडं खाली ओढा. देऊळ गडद आकारासारखं दिसेल, ते तसंच हवं. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका, उन्हाच्या खुणेवर ठेवा. नाहीतर पहाटेचा केशरी रंग तो चूक समजून पुसून टाकतो.

उगवताना सूर्य सरळ वर चढत नाही, आपल्याकडे तो उजवीकडे थोडा कलत चढतो. म्हणून पहिली कड शिखराच्या किंचित डावीकडे दिसेल अशी जागा धरा, थोड्या वेळात सूर्य शिखराकडे येतो. पूर्ण बिंब वर यायला दोनेक मिनिटंच लागतात. एवढ्यात जागा शोधत बसलात तर संपलं. बिंब वर येऊन तेजाळलं की कॅमेऱ्याच्या भिंगातून त्याच्याकडे पाहू नका, डोळ्याला इजा होते.

सकाळी सातनंतर

आता काठाने हळूहळू सरकत जा, म्हणजे ऊन देवळावर बाजूने पडेल. बाजूचं ऊन दगडाला खोली देतं. याच वेळी देवळाच्या आवारात जा. आधी दर्शन घ्या, मग विचारा की कुठे फोटो चालतो. गाभाऱ्यात कॅमेरा बाहेर काढू नका. काठावर कोणी अंघोळ करत असेल, कोणी विधी करत असेल, तर त्यांचा फोटो नको, दुरून लांब लेन्सने तर मुळीच नको. हार-फुलं विकणाऱ्या मावशींना, बाकावरच्या आजोबांना विचारून काढा. इथे मराठी चालते, कन्नड चालते, तेलुगू चालते, आणि नुसतं हसून हात जोडला तरी चालतं. काढलेला फोटो त्यांना लगेच दाखवायचा. सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त आवडणारे फोटो बरेचदा याच तासातले असतात.

दहा ते तीन

या वेळात पाण्याचे फोटो काढू नका. पाणी पांढरं दिसतं, देऊळ सपाट. तिकीट काढून किल्ल्यात जा. आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब आणि अवशेष आहेत, कमानी आहेत, दारांच्या सावल्या आहेत. फोटो कृष्णधवल करून बघा, कडक ऊन तिथे कामी येतं. किल्ला संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा दारावरच विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत नको, हातातच काढा. मग झाडाखाली बसून भाकरी खा, सकाळचे फोटो पाहा आणि नको ते पुसा. ड्रोनचा विचार मनातून काढून टाका. खाली देऊळ आहे, वर्दळ आहे, शहराला विमानतळ आहे.

साडेतीननंतर किल्ल्याचा पूर्वेचा तट

आता सूर्य तुमच्या पाठीशी आणि समोर पाण्यापलीकडे देऊळ. सकाळी जे नुसतं काळ्या आकारासारखं दिसलं होतं, ते आता सोनेरी उन्हात पूर्ण उजळलेलं असतं. एकाच कोनातून सकाळचा आणि दुपारचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की दिवसाचं सार्थक वाटतं. म्हणून सकाळी जिथे उभे होतात त्याच्या रेषेत तटावरची जागा निवडा. आभाळ जास्त निळं करण्यासाठी लेन्सवर पोलरायझर नावाची फिरती काच लावत असाल तर इथे जरा थांबा. तो पाण्यावरची चमक कापतो, त्याबरोबर प्रतिबिंबही जातं. फिरवून बघा आणि प्रतिबिंब टिकतं तिथेच ठेवा. तटाच्या कडेवर बसून पाय बाहेर सोडायचे नाहीत, एकटे असताना तर नाहीच.

किल्ला बंद व्हायची वेळ सकाळीच विचारून ठेवलेली असू द्या आणि सूर्यास्ताला किमान अर्धा तास असतानाच बाहेर पडा. कारण आता पुन्हा काठ बदलायचा आहे.

सूर्यास्त आणि त्यानंतरची वीस मिनिटं

देवळाच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करा. सूर्य किल्ल्याच्या तटामागे उतरतो, बुरुज काळे होतात आणि त्यांच्या सावल्या पाण्यावर लांबत तुमच्याकडे येतात. पहाटेसारखंच आभाळावर एक्सपोजर धरा. क्षितिज तिरकं होणार नाही याकडे लक्ष द्या. पाणी तिरकं दिसलं की फोटो कितीही सुंदर असो, डोळा तिथेच अडकतो. कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये जाळीच्या रेषा दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा.

सूर्य गेला की लोक पिशव्या भरतात. तुम्ही थांबा. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं होत जातं आणि देवळातले दिवे लागतात. आभाळाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड काही मिनिटं सारखा होतो. त्याआधी दिवे फिके दिसतात, त्यानंतर आभाळ काळं. आता ट्रायपॉड लागतोच. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सचं छिद्र) 8, शटर 2 सेकंदांपासून 8 सेकंदांपर्यंत, आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडचे पाय ओल्या मातीत रोवू नका, फोटो चालू असतानाच ते खचतात. एका वर्षी या निळ्या वेळेचे माझे फोटो असेच हलले होते. दगडावर किंवा फरशीवर ठेवा. मोबाइल असेल तर नाइट मोड लावून कठड्याला टेकवा आणि हात सोडा. लांब शटरमुळे पाण्यावरच्या लहान लाटा विरून जातात, आणि वारा असला तरी दिव्यांचे पट्टे पाण्यात सरळ खाली उतरतात.

साधारण पावणेसात वाजले की आभाळ काळं होतं. कॅमेरा आवरा, पिशवीची चेन दोनदा तपासा, घरी फोन करून निघाल्याचं सांगा, आणि जाताना देवळासमोर एकदा हात जोडा.