"फ्लाइट मॉडेल गंडलंय" म्हणण्याआधी या चुका टाळा

कॉम्बॅट सिममध्ये (लढाऊ विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये) जोरात वळताना विमान गचकन एका पंखावर पडलं की लोक लगेच म्हणतात, फ्लाइट मॉडेल, म्हणजे गेममधलं विमान उडण्याचं फिजिक्स, फालतू आहे. नव्वद टक्के वेळा चूक आपल्या हातात असते, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय कारण चांगली सिम्स लोक याच रागात सोडून देतात.

सगळ्यात मोठा गैरसमज स्टॉलचा, म्हणजे पंखांची विमान उचलून धरायची ताकद अचानक तुटण्याचा. स्टॉल स्पीड कमी झाल्यामुळे होतो असं डोक्यात फिट बसलेलं असतं, पण खरं कारण म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, तो मर्यादेबाहेर गेला की कितीही स्पीड असू दे, स्टॉल होणारच. सरळ उडताना विमान 160 च्या स्पीडला स्टॉल होत असेल तर 4 जी च्या वळणात (म्हणजे पंखांवर वजनाच्या चौपट भार असताना) तेच 320 ला होतं, कारण जी चौपट झाला की स्टॉल स्पीड दुप्पट होतो. म्हणून शत्रू मागे लागला की स्टिक पोटापर्यंत ओढू नका, स्टॉलच्या आधी विमान थरथरायला लागतं आणि हवेचा फडफड आवाज येतो, तिथेच थांबा आणि किंचित ढील द्या. एवढं करूनही स्पिनमध्ये गेलात, म्हणजे विमान गरगरत खाली यायला लागलं, तर थ्रॉटल बंद, एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलतं करणाऱ्या पट्ट्या) मधोमध, उलट्या बाजूचा रडर (शेपटीची उभी पट्टी, पायाने चालते) पूर्ण, मग स्टिक पुढे. घाबरून एलेरॉनने सरळ करायला गेलात की स्पिन अजून घट्ट होतो.

जॉयस्टिकचे कर्व्ह, म्हणजे स्टिक किती हलली की विमान किती हलेल याचं सेटिंग, पण बघा. खऱ्या विमानातली स्टिक लांब असते आणि स्पीड वाढला की जड होते, आपली टेबलावरची बोटभर हलली तरी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) अर्धा फिरतो, त्यामुळे पिच अ‍ॅक्सिसला, म्हणजे स्टिकच्या पुढे-मागे हालचालीला, थोडा कर्व्ह लावाच.

टेकऑफला विमान एका बाजूला पळतं हा बग नाही. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर घ्या, मर्लिन इंजिनची डावीकडे ओढते, नंतरच्या ग्रिफन इंजिनची उजवीकडे, कारण तिचा प्रोपेलर उलटा फिरतो. थ्रॉटल हळूहळू वाढवा, रडरवर पाय तयार ठेवा. तसंच सुरुवातीच्या स्पिटफायरचं नाक झटकन खाली दाबलं की इंजिन खोकतं, हे सुद्धा खरंय, कार्ब्युरेटरमुळे (इंजिनात इंधन-हवा मिसळणाऱ्या भागामुळे) व्हायचं, आणि 1941 मध्ये बिएट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने छोटीशी चकती बसवून ते बरंच आटोक्यात आणलं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट 109 ला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन होतं म्हणून ती सरळ नाक खाली घालून निसटायची.

"6000 मीटरवर स्पीड कमीच दाखवतो" ही तक्रार पण नेहमीची. स्पीडचा काटा समोरून आदळणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो, आणि तिथे हवा जमिनीच्या तुलनेत निम्म्याहून थोडीच जास्त दाट असते, म्हणून काट्यावर 400 दिसत असेल तर खरा स्पीड 540 च्या आसपास असतो.

आणि फुल टाकी भरून डॉगफाइटला (विमानांच्या जवळच्या झटापटीला) जाऊ नका! पी-51 या अमेरिकन लढाऊ विमानाची मागची टाकी भरलेली असली की वजनाचा तोल मागे जातो आणि विमान वळणात हाताबाहेर जातं, खरे पायलट पण ती टाकी आधी रिकामी करायचे.

हे सगळं तपासूनही विमानाच्या मॅन्युअलमधले आकडे जुळत नसतील तर उंची, वजन, स्पीड लिहून रेकॉर्डिंगसकट बग रिपोर्ट टाका, नुसतं "फील बरोबर नाही" यावरून डेव्हलपरला काहीच शोधता येत नाही.