अमेरिकन काँग्रेसची हिअरिंग कशी फॉलो करायची, सिक्युरिटीची असो की इलेक्शनच्या पैशाची

काँग्रेसच्या हिअरिंगचे, म्हणजे तिथल्या कमिट्यांपुढच्या सुनावणीचे, तीस-तीस सेकंदांचे तुकडे व्हॉट्सॅपवर फिरत असतात, कुणी सेनेटर तावातावाने बोलतोय नि समोरचा गप्प, आणि खाली ‘कसली जिरवली’ वगैरे. त्यातून कळत काहीच नाही. आता अख्खे तीन तास बघायला वेळ कुणाला आहे, हेही आहेच. म्हणून मी कसं करतो ते लिहितोय.

आधी कमिटी कुठली ते बघा. देशाला धोका कोणाकडून ह्यावर दोन्ही सभागृहांच्या (सेनेट आणि हाउस) इंटेलिजन्स कमिट्या वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चला, जाहीर सुनावणी घेतात, तिथे नॅशनल इंटेलिजन्सचे डायरेक्टर, सीआयए, एफबीआय सगळे एका टेबलाला बसलेले असतात. देशातल्या धोक्यांसाठी होमलँड सिक्युरिटी कमिटी वेगळी (बेळगावात वाढलेले, मिशिगनमधून निवडून गेलेले आपले श्री ठाणेदार ह्याच कमिटीवर होते). इलेक्शनच्या पैशाचा विषय मात्र सेनेटच्या रूल्स कमिटीकडे आणि हाउसच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कमिटीकडे जातो, नावावरून तर वाटतं पार्किंगचे पास वाटत असतील.

तारखा काँग्रेसच्या साइटवर सहसा आठवडाभर आधी लागतात. साक्षीदारांची लेखी निवेदनं कमिटीच्या पानावर पीडीएफमध्ये असतात, ती आधी वाचून घ्या, कारण तिथे बोलताना ते पाचेक मिनिटांत त्याचं सार सांगतात आणि अडचणीचा आकडा नेमका कागदातच राहतो. हाउसमध्ये खाजगी संस्थेकडून येणाऱ्या साक्षीदाराला सरकारकडून किंवा परदेशी सरकारकडून पैसे मिळालेत का तेही एका फॉर्मवर भरून द्यावं लागतं, तो फॉर्मही तिथेच सापडतो, मी तर आधी तोच उघडतो.

मग प्रश्नोत्तरं. प्रत्येक मेंबरला पाच मिनिटं, सेनेटमध्ये कधी जास्त. त्यातली साडेचार मिनिटं जो स्वतःच बोलतो त्याला सरळ पुढे ढकला, तो क्लिपसाठी बोलतोय. थांबायचं कुठे, तर ज्याने हो की नाही एवढंच उत्तर मागितलंय तिथे. १२ मार्च २०१३ ला इंटेलिजन्स कमिटीवरचे सेनेटर रॉन वायडननी तेव्हाचे नॅशनल इंटेलिजन्सचे डायरेक्टर जेम्स क्लॅपरना असंच विचारलं होतं, एनएसए (फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी सरकारी संस्था) लाखो अमेरिकनांचा कुठल्याही प्रकारचा डेटा गोळा करते का, आणि क्लॅपर म्हणाले, नाही सर, जाणूनबुजून तर नाहीच. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेली एनएसएची कागदपत्रं बाहेर आली आणि असा डेटा गोळा होतो हे उघड झालं. वायडनना उत्तर आधीपासून माहीत होतं, गुप्त असल्याने उघड बोलता येत नव्हतं, म्हणून प्रश्न विचारला! तेव्हा इंटेलिजन्स कमिटीवरचा कुणी विनाकारण फारच नेमका प्रश्न विचारतोय असं वाटलं तर लिहून ठेवा, आणि ‘हे क्लोज्ड सेशनमध्ये सांगतो’ असं उत्तर आलं तर तेही.

दोन्ही विषय एकत्र बघायचे असतील तर १९९७ ची सेनेटर फ्रेड थॉम्पसन यांच्या कमिटीची सुनावणी सी-स्पॅनच्या (काँग्रेसचं कामकाज दाखवणारं चॅनल) संग्रहात शोधा. १९९६ च्या निवडणुकीत चिनी सरकारचा पैसा घुसवायचा बेत होता असा आरोप थॉम्पसननी पहिल्याच दिवशी केला, पण पुरावे गुप्त, डेमोक्रॅट्सना मान्य नाही, सगळा गोंधळ. जुलैत सुरू झालेली सुनावणी ऑक्टोबरअखेर आटोपली आणि निवडणुकीच्या पैशाला लगाम घालणारा मॅककेन-फाइनगोल्ड कायदा यायला २००२ उजाडलं, त्यातला एक महत्त्वाचा भाग २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडच्या निकालाने सुप्रीम कोर्टाने उडवला. म्हणजे हिअरिंग झाली की लगेच कायदा येईल ह्या भरवशावर राहू नका.

पैशाच्या हिअरिंगनंतर एफईसीच्या (निवडणुकीच्या पैशाचा हिशोब ठेवणारा फेडरल इलेक्शन कमिशन) साइटवर जा, बोलणाऱ्या मेंबरचं नाव टाका. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, नोकरी, कंपनी सगळं दिसतं. सुपर पॅकचे (उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा प्रचारखर्च करणारे गट) देणगीदारही दिसतात, पण देणगीदार म्हणून एखादी नॉन-प्रॉफिट संस्था असेल तर तिच्यामागे कोण ते बहुतेक वेळा तिथेच अडतं, आणि ही नावं उघड करायला लावणारं डिस्क्लोज अ‍ॅक्ट हे विधेयक वर्षानुवर्षं सेनेटमध्ये अडकलंय.

तिकडच्या मराठी मंडळींसाठी एक जाता जाता. एचवनबी (नोकरीचा व्हिसा) किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही, मित्राच्या नावाने तर अजिबातच नाही, तो वेगळा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. प्रचारात फुकट राबायला मात्र कुणालाही मोकळीक.

हिअरिंगचं छापील ट्रान्सक्रिप्ट गव्हइन्फो ह्या सरकारी साइटवर येतं, त्याला बरेच महिने लागतात, कधी वर्ष. आलं की सरळ शेवटाकडे जा, मेंबरांनी नंतर लेखी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तिथे असतात. कॅमेऱ्यासमोर टाळलेलं बरंच काही त्यात सापडतं, आणि काही प्रश्नांपुढे नुसतं ‘उत्तर मिळालं नाही’ असं छापलेलं असतं.