कास्क स्ट्रेंग्थ माल्टची तुलना करताय? या चुका टाळा

कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे पिंपातून काढल्यावर सहसा पाणी न मिसळता बाटलीत भरलेली कडक व्हिस्की, आणि माल्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की. अशा दोन-तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखायला बसलं, की बहुतेक वेळा निकाल माल्टचा लागत नाही, अल्कोहोलचा लागतो. ५४ टक्क्यांची एक आणि ६१ टक्क्यांची दुसरी जशीच्या तशी ओतली, की पहिली ‘मऊ, गोडसर’ ठरते आणि दुसरी ‘रासवट’. दुसरीचा गुन्हा एवढाच की तिच्यात पाणी कमी आहे.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजाने पाणी घालणं. ‘एक थेंब टाक रे’ म्हणत बाटलीच्या बुचातून ओतलेलं पाणी एका ग्लासात दोन मिली पडतं, दुसऱ्यात आठ. हिशोब अगदी सोपा आहे. लेबलवरची टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, गुणिले ग्लासातली व्हिस्की. आलेल्या उत्तरातून ग्लासातली व्हिस्की वजा करा, उरेल तेवढं पाणी घाला. ३० मिली व्हिस्की ६० टक्क्यांवरून ४८ वर आणायला साडेसात मिली पाणी लागतं, ५४ वाल्या बाटलीला जेमतेम पावणेचार. (पाणी आणि अल्कोहोल मिसळलं की एकूण माप किंचित आकसतं, पण घरच्या कामाला तो फरक सोडून द्या.) मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, झालं. पाणी साधं आरओचं चालेल, बोअरचं जड पाणी नको.

आधी प्रत्येकीचा छोटा घोट निव्वळ घ्या, मग सगळ्या ४८ वर आणून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चाखा. खरी तुलना या दुसऱ्या फेरीत होते. पीटच्या (बार्ली सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या) धुराला हे जास्तच लागू पडतं. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर हे तपासलं होतं. धुराच्या चवीला कारण असलेला ग्वायकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ च्या वर गेलं की इथेनॉल त्याला वेढून टाकतं. तेव्हा ६० टक्क्यांची धुरकट व्हिस्की निव्वळ पिऊन ‘यात धूर कमी आहे’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही.

ओतायचंही बेताने. ६० टक्क्यांच्या ३० मिलीत १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, आपल्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या बाटलीच्या तेवढ्याच पेगमध्ये तेराही नसतं. तीन-चार बाटल्या लावायच्या असतील तर प्रत्येकी १५ मिली पुरे. नाहीतर चौथ्या ग्लासावरचं मत हे चौथ्या ग्लासाचंच मत असतं.

आता आकड्याचा मोह. ‘६२ आहे, म्हणजे भारी’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. स्कॉटलंडमध्ये पिंपात भरताना व्हिस्की साधारण ६३.५ टक्क्यांची असते आणि तिथल्या दमट, थंड हवेत वर्षं जातील तशी टक्केवारी उतरत जाते. त्यामुळे फार चढा आकडा हे बऱ्याचदा कोवळ्या वयाचं लक्षण असतं, दर्जाचं नव्हे. वयाची तुलनाही जपून करा. गोव्याच्या पॉल जॉनसारख्या माल्टमधून उष्णतेमुळे दरवर्षी कितीतरी जास्त उडून जातं, लाकडाचा अंमलही लवकर चढतो. स्कॉचच्या वर्षांची फूटपट्टी तिथे लावून उपयोग नाही.

बॅचकडे दुर्लक्ष हीसुद्धा नेहमीची चूक. अ‍ॅबर्लोर अबूना ही स्कॉच ओलोरोसो शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपांतली, वय न सांगणारी, आणि क्रमांकानिशी बॅचमध्ये येणारी. एका बॅचचं कौतुक वाचून भलत्याच बॅचची बाटली घ्यायची आणि मग ‘लोक उगाच चढवतात’ म्हणायचं, यात हशील नाही. लागावुलिन १२ या स्कॉचचं तर नाव तेच, पण २०२२ ची आवृत्ती ओकच्या कोऱ्या पिंपांशी खेळलेली आणि २०२३ ची टकीलाच्या पिंपांतून आलेली. तुलना लिहून ठेवताना बॅच किंवा साल आणि टक्केवारी लिहिली नाही तर ती टिपणं रद्दीत टाका. आणि कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे एकाच पिंपातली असं नाही, अनेक पिंपं एकत्र करूनही ती बनते. ग्लेनफार्क्लास १०५ ही स्कॉच दरवेळी बरोबर ६० टक्क्यांचीच असते, एकट्या पिंपातून दरवेळी इतका नेमका आकडा निघणार नाही, यावरूनच काय ते समजा.

नाक ग्लासात खुपसू नका. पहिल्याच हुंगण्यात नाक बधिर झालं की पुढची बैठक वाया. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. पीट नसलेली आधी, धुरकट शेवटी. मसाला शेंगदाणे आणि कांदा-लिंबू बैठक आटोपल्यावर. मध्ये फक्त पाणी आणि कोरा पाव. नुकतं बूच काढलेली बाटली आणि सहा महिने अर्धी पडलेली बाटली यांची तुलनाही टाळाच.

पाणी किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली, तर ‘डुप्लिकेट माल’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतले स्निग्ध घटक ४६ टक्क्यांच्या खाली किंवा गारव्यात धुक्यासारखे दिसू लागतात. चवीला धोका नाही. नुसत्या गढूळपणावरून बाटली खोटी ठरत नाही. त्यासाठी सील आणि लेबल नीट पाहा.

एक राहिलंच. या बाटल्या वाइनसारख्या आडव्या ठेवू नका. इतकं कडक अल्कोहोल कॉर्क खाऊन टाकतं आणि उघडताना त्याचे तुकडे होतात. झालेच, तर कॉफीच्या फिल्टरमधून व्हिस्की स्वच्छ, कोरड्या बाटलीत गाळून घ्या आणि जुन्या रिकाम्या बाटलीचं चांगलं बूच त्याला लावा.